बंद काचांआडची हवा



गेल्या हिवाळ्यात कामानिमित्त नागपूरहून चंद्रपूरला मोटारीने जाण्याचा प्रसंग आला. पहाटेची थंडी होती, त्यामुळे काचा वरपर्यंत चढविलेल्या होत्या. गाडी शहराबाहेर पडते न पडते तोच एक चमत्कारिक वास नाकाशी आला. पावसाळ्याच्या आरंभी जवळपास कोठे वीज पडली म्हणजे हवेत जो तिखटसर, काहीसा धातूसारखा वास रेंगाळतो, तसाच तो होता. पाहतो तो सिगरेट पेटविण्याच्या खोबणीत बोटभर लांबीचे एक यंत्र खोचलेले आणि त्याचा निळा दिवा लुकलुकत असलेला. विचारले, तेव्हा आमचे चालक मोठ्या समाधानाने म्हणाले, ‘‘साहेब, हे आयनायझर. काचा बंद असल्या तरी ताडोबाच्या जंगलातली हवा मिळते म्हणतात. घरच्या गाडीतही एक लावले आहे. धाकट्या मुलीला दम्याचा त्रास आहे, तेवढाच तिला आराम.’’

त्यांच्या या शेवटच्या वाक्याने मी अस्वस्थ झालो. यंत्र चांगले की वाईट, हे मला त्या वेळी सांगता आले नाही. परत आल्यावर या विषयाचा इतिहास चाळला, आणि एक गोष्ट ध्यानात आली. यंत्र नवे असले तरी त्याने दिलेले वचन मुळीच नवे नाही. डोंगरावरची, अरण्यातली किंवा समुद्रकाठची हवा बंद जागेत आणून देतो, असे सांगणाऱ्या यंत्रांची परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे. ती आज आपणांस सांगावी, असा विचार आहे.

या कथेचा आरंभ वासापासूनच होतो. विजेच्या यंत्राजवळ एक विशिष्ट वास येतो, हे अठराव्या शतकातील प्रयोगकर्त्यांनाही माहीत होते. तो वास एका निराळ्या द्रव्याचा आहे, हे स्वित्झर्लंडमधील बाझेल येथील प्राध्यापक क्रिस्टियान शनबाइन यांनी १८३९ च्या सुमारास ओळखले आणि वास येणे या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून त्याला ‘ओझोन’ असे नाव दिले. आपल्या नेहमीच्या प्राणवायूच्या रेणूत दोन अणू असतात, ओझोनच्या रेणूत तीन. हा तिसरा अणू मोठा उतावळा असतो. जे जवळ सापडेल त्याच्याशी संयोग पावण्याची त्याला घाई असते.

ओझोन ओळखण्याची युक्तीही शनबाइन यांनी शोधली. पोटॅशियम आयोडाइड व पिष्ठ यांनी भिजविलेला कागद हवेत टांगून ठेवावयाचा. ओझोन असेल तर तो निळसर पडतो. एकोणिसाव्या शतकात ठिकठिकाणी असे कागद टांगले गेले. ते समुद्रकाठी व डोंगरांवर चांगले निळे पडत, तर धुराने कोंदलेल्या शहरांत पांढरेच राहत. लोकांनी यावरून लगेच अनुमान काढले, की जेथे ओझोन तेथे आरोग्य. युरोपातील समुद्रकाठच्या विश्रामस्थानांनी आपल्या ‘ओझोनयुक्त’ हवेची जाहिरात करावयास प्रारंभ केला. शहरातला ओझोन तेथील धुराशी व घाण वायूंशी संयोग पावून खर्ची पडतो, म्हणून कागद पांढरा राहतो, हा साधा विचार त्या उत्साहात मागे पडला. ओझोनचा अभाव हा घाणीचा परिणाम होता. लोकांनी त्यालाच घाणीचे कारण मानले. ही चूक ध्यानात ठेवावी, कारण ती पुढे पुन्हा भेटणार आहे.

या समजुतीला प्रवासाच्या साधनात प्रथम स्थान मिळाले ते लंडनमध्ये. तेथील सेंट्रल लंडन रेल्वे ही भुयारी आगगाडी १९०० मध्ये सुरू झाली. जमिनीखालच्या बोगद्यांतील कोंदट हवेबद्दल उतारूंची कुरकुर होती. तेव्हा १९११ च्या सुमारास त्या कंपनीने हवा गाळून, तीत ओझोन मिसळून बोगद्यांत सोडण्याची योजना केली. भुयारात समुद्रकाठची हवा आणण्याचाच हा खटाटोप होता. परंतु दोनच वर्षांनी, १९१३ मध्ये, अमेरिकन वैद्यक संघटनेच्या मुखपत्रात शिकागो विद्यापीठातील जॉर्डन व कार्लसन या दोघा शास्त्रज्ञांचा निबंध प्रसिद्ध झाला. माणसास सोसेल इतक्या प्रमाणातील ओझोन हवेतील जंतूंचा म्हणण्यासारखा नाश करीत नाही, उलट घशाला व श्वसनमार्गाला मात्र त्याची बाधा होते, असे त्यांना दिसून आले. दुर्गंधी नष्ट होते म्हणावे तर तेही खरे नव्हते. ओझोनच्या वासाखाली ती झाकली जात होती आणि घ्राणेंद्रिय बधिर होत होते. वास गेला, घाण तेथेच राहिली. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचा हा निष्कर्ष आज आपल्या मोटारीतही तंतोतंत लागू पडतो.

आता ‘आयन’ म्हणजे काय, ते पाहू. विद्युत्भारित वस्तू कितीही काळजीपूर्वक टांगून ठेवली तरी तिचा भार हळूहळू हवेत निघून जातो, हे फ्रेंच शास्त्रज्ञ कूलंब यांनी १७८५ मध्येच पाहिले होते. या गळतीचा उलगडा होण्यास शंभराहून अधिक वर्षे लागली. जर्मनीतील वोल्फेनब्युटेल या लहान गावी युलिउस एल्स्टर व हान्स गाइटेल हे दोन मित्र शाळेत शिक्षक होते. शाळा सांभाळून ते दोघे वातावरणातील विजेचे प्रयोग करीत. त्यांनी व इंग्लंडमध्ये सी. टी. आर. विल्सन यांनी १९०० च्या सुमारास स्वतंत्रपणे दाखविले, की हवेतच विद्युत्भारित सूक्ष्म कण सदैव असतात. हेच आयन. रेणूतून एखादा इलेक्ट्रॉन निसटला म्हणजे धन आयन होतो, आणि तो इलेक्ट्रॉन दुसऱ्या रेणूला चिकटला म्हणजे ऋण आयन होतो. हे आयन कशाने निर्माण होतात? काही जमिनीतील किरणोत्सारी द्रव्यांमुळे, तर काही आकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांमुळे. व्हिक्टर हेस यांनी १९१२ मध्ये फुग्यात बसून उंच जाऊन या किरणांचा शोध लावला. तुषार उडाले म्हणजेही हवेत विद्युत्भार वेगळा होतो, आणि धबधब्याजवळची हवा ऋणभारित असते, हे फिलिप लेनार्ड यांनी १८९२ मध्ये दाखविले. आजच्या जाहिरातींतील धबधब्याचे चित्र येथून आलेले आहे.

या कणांची संख्या किती अल्प असते, तेही पाहण्यासारखे आहे. स्वच्छ ग्रामीण भागातील एक घन सेंटिमीटर हवेत लहान आयन काही शेकडा, फार तर एखादा हजार असतात. तेवढ्याच जागेत हवेचे रेणू असतात २५ वर १८ शून्ये इतके! इतक्या विरळ कणांचा मनुष्याच्या प्रकृतीवर परिणाम होतो काय, हा प्रश्न विसाव्या शतकाने मोठ्या चिकाटीने विचारला.

तो प्रथम हिरिरीने विचारला रशियातील अलेक्झांडर चिझेव्हस्की यांनी. टोकदार तारांवर उच्च दाबाची वीज सोडून आयन निर्माण करणारे, झुंबराच्या आकाराचे यंत्र आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते. १९३१ मध्ये सोव्हिएत सरकारने त्यांच्यासाठी प्रयोगशाळा काढून दिली, ती प्रामुख्याने कोंबड्यांच्या पैदाशीत आयनांचा उपयोग होतो काय हे पाहण्यासाठी. १९४२ मध्ये त्याच सरकारने त्यांना अटक केली, आणि पुढची कित्येक वर्षे त्यांनी बंदिवासात व हद्दपारीत काढली. १९६४ मध्ये ते वारले. अमेरिकेतील कथा अधिक हलकीफुलकी आहे. आर. सी. ए. कंपनीचे अभियंते क्लॅरेन्स हॅन्सेल यांना १९३२ मध्ये आढळले, की आपल्या एका सहकाऱ्याची मनःस्थिती शेजारच्या विद्युत्यंत्राबरोबर पालटते. यंत्र ऋण आयन सोडीत असले की गृहस्थ आनंदी, धन आयन सोडीत असले की खिन्न! ही हकीकत पुढे असंख्य वेळा सांगितली गेली. परंतु एका माणसाच्या लहरीवरून सिद्धान्त उभारता येत नाही, हे सांगणारे थोडे होते.

पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठातील जंतुशास्त्रज्ञ आल्बर्ट क्रूगर यांनी प्राण्यांवर अनेक वर्षे पद्धतशीर प्रयोग केले. शरीरातील सेरोटोनिन या द्रव्याच्या प्रमाणावर आयनांचा परिणाम होतो, असे त्यांचे म्हणणे होते. प्रयोगशाळा विचार करीत असताना बाजार मात्र थांबला नव्हता. दमा, डोकेदुखी, निद्रानाश अशा नाना व्याधींवर ही यंत्रे विकली जाऊ लागली, आणि १९६० च्या सुमारास अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला अशा वैद्यकीय दाव्यांविरुद्ध कारवाई करावी लागली. १९७७ मध्ये फ्रेड सोयका यांचे ‘द आयन इफेक्ट’ हे पुस्तक निघाले आणि त्या लाटेला पुन्हा भरती आली.

येथे शनबाइन यांच्या कागदाची आठवण व्हावी. शहरातील हवेत, कोंदट खोलीत किंवा मोटारीत लहान आयन कमी असतात, ही गोष्ट खरी आहे. परंतु ते का कमी असतात? धूळ व धूर यांचे कण हवेत असले म्हणजे लहान आयन त्यांना चिकटून नाहीसे होतात. हवा घाण आहे म्हणून आयन कमी आहेत. आयन कमी आहेत म्हणून हवा घाण झालेली नाही. याचा एक सुंदर पुरावा समुद्रावरचा आहे. ‘कार्नेगी’ नावाच्या लाकडी संशोधन-जहाजाने १९२९ मध्ये ते आगीत नष्ट होईपर्यंत महासागरांवर हवेची विद्युत्वाहकता मोजली होती. त्या मोजमापांशी तुलना करता १९७० मध्ये कॉब व वेल्स या अमेरिकी संशोधकांना दिसले, की उत्तर अटलांटिकवरील हवेची वाहकता सुमारे २० टक्क्यांनी घटली आहे. दक्षिण पॅसिफिकवर मात्र तशी घट नव्हती. कारखानदारीचा धूर कोठवर पोहोचला, हे आयनांनी सांगितले. ज्वर मोजणाऱ्या नळीतील पारा उतरविल्याने जसा रोग्याचा ज्वर उतरत नाही, तसेच घाण हवेत नुसते आयन सोडल्याने ती अरण्यातली हवा होत नाही.

मग या यंत्रात काहीच तथ्य नाही काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. विद्युत्भाराने हवेतील कण गोळा करता येतात, हे निर्विवाद सत्य आहे. इंग्लंडमधील ऑलिव्हर लॉज यांनी १८८४ च्या सुमारास विजेने धूर खाली बसविण्याचे प्रयोग केले. अमेरिकेतील फ्रेडरिक कॉट्रेल यांनी १९०७ च्या सुमारास ती युक्ती कारखान्यांत यशस्वी केली, आणि आपल्या पेटंटांच्या उत्पन्नातून १९१२ मध्ये संशोधनाला साहाय्य करणारी एक संस्था उभी केली. आमच्या त्या प्रवासात चंद्रपूर जवळ येताच औष्णिक वीजकेंद्राच्या उंच चिमण्या दिसू लागल्या. कोळशाची राख त्या चिमण्यांतून जशीच्या तशी आकाशात जाऊ नये म्हणून तेथे कॉट्रेल यांच्याच तत्त्वावरची संयंत्रे असतात. राखेच्या कणांना विद्युत्भार देऊन ते विरुद्ध भाराच्या पोलादी पत्र्यांवर ओढून घ्यावयाचे, आणि पत्रे ठोकून राख खाली पाडावयाची, अशी ती रीत.

खोबणीत खोचलेल्या यंत्रात नेमका हा पत्राच नसतो. ते मोटारीतील १२ व्होल्टची वीज काही हजार व्होल्टपर्यंत चढवून सुईच्या टोकाशी आणते, तेथे हवेचे आयन होतात आणि ते धुळीला चिकटतात. भारित झालेली धूळ मग जी वस्तू सापडेल तिच्यावर बसते. ती काचेवर, आसनावर, गाडीच्या छतावर बसते आणि आत बसलेल्या माणसांच्या श्वासनलिकेतही बसू शकते. हवेतील काही कण कमी होतात, हा लाभ खरा, परंतु लहानशा यंत्राकडून तो बहुधा अल्प असतो, आणि ती धूळ गाडीबाहेर जात नाही.

मनःस्थितीविषयीचा पुरावाही असाच संमिश्र आहे. हिवाळ्यात येणाऱ्या खिन्नतेच्या रोग्यांवर कोलंबिया विद्यापीठातील मायकेल टर्मन यांनी १९९५ मध्ये केलेल्या प्रयोगात अतिशय दाट ऋण आयनांचा उपयोग दिसून आला. २०१३ मध्ये १९५७ पासूनच्या ३३ अभ्यासांचा एकत्र आढावा घेण्यात आला. दाट ऋण आयनांनी खिन्नता काहीशी कमी होते, असे त्यात आढळले. चिंता, झोप, स्वस्थता यांवर मात्र सुसंगत असा कोणताही परिणाम दिसला नाही. हे प्रयोग खोलीत, जवळ ठेवलेल्या प्रबळ यंत्राने केलेले होते. धावत्या मोटारीतील चिमुकल्या यंत्राला त्यांचे श्रेय उसने घेता येणार नाही.

आता धोक्याकडे वळू. सुईच्या टोकाशी आयन होतात तेथेच प्राणवायूचे रेणू फुटून ओझोनही होतो. तो किती होईल हे यंत्राच्या रचनेवर अवलंबून असते. काही मोटार-कारखानदारांनी आपल्या गाड्यांत बसविलेल्या यंत्रांत तो अत्यल्प ठेवण्याची काळजी घेतलेली असते. तेव्हा सर्वच यंत्रांना एका मापाने मोजू नये. परंतु काही यंत्रे तर मुद्दामच ओझोन सोडतात. ओझोनने घसा खवखवतो, खोकला येतो, छाती भरल्यासारखी वाटते, आणि दम्याच्या रोग्याचा दमा बळावू शकतो. मोटारीची आतली जागा खोलीच्या मानाने किती लहान, आणि यंत्र नाकापासून हातभर अंतरावर! म्हणून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या नियमानुसार अशा साधनामुळे बंद जागेतील ओझोन दहा कोटी भागांत पाच भागांपेक्षा अधिक होता कामा नये. कॅलिफोर्निया राज्याने २००६ मध्ये खास कायदा केला, त्याखालील नियम २०१० पासून पुरता अमलात आला, आणि त्यात मोटारीत वापरावयाच्या यंत्रांचाही स्पष्ट समावेश आहे. आपल्याकडे २००९ च्या राष्ट्रीय मानकाप्रमाणे बाहेरच्या हवेत आठ तासांच्या सरासरीने घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम ही ओझोनची मर्यादा आहे. हे प्रमाणही जवळजवळ तेवढेच होते.

याखेरीज आणखी एक गोष्ट आहे. पुष्कळ मोटारींत लिंबाच्या किंवा संत्र्याच्या वासाची अत्तरे टांगलेली असतात. त्यांतील लिमोनीन या द्रव्याशी ओझोनचा संयोग झाला म्हणजे फॉर्माल्डिहाइड आणि अतिसूक्ष्म कण निर्माण होतात. दोन्ही वस्तू हवा सुधारण्यासाठी आणलेल्या, आणि दोहोंच्या संयोगातून नवी घाण तयार! शिवाय बंद गाडीत माणसांच्या श्वासाने साचणारा कार्बन डायऑक्साइड किंवा धुरातील विषारी कार्बन मोनॉक्साइड यांना हे यंत्र स्पर्शही करू शकत नाही.

मोटारीच्या काचा बंद झाल्या, ही तशी अलीकडची गोष्ट आहे. अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने १९४० च्या सुमारास वातानुकूलित मोटार विकावयास काढली. आपल्याकडे अॅम्बॅसडर व प्रीमियर गाड्यांच्या काळात खिडकी उघडणे हेच वातानुकूलन होते. १९९० नंतर काचा सर्रास मिटल्या. दिल्लीसारख्या शहरात हिवाळ्यात बाहेरची हवा अशी असते, की काच मिटणाऱ्यास दोष देता येत नाही. पण त्यावरचा उपाय साधा आहे. गाडीत हवा घेणाऱ्या मार्गात कागदी वा कापडी गाळणी असते, ती वेळेवर बदलावी. दाट वाहतुकीत आतलीच हवा फिरती ठेवावी, परंतु बराच वेळ नव्हे. मोकळा रस्ता लागताच बाहेरची हवा आत घ्यावी. इंजिन चालू ठेवून बंद गाडीत कधीही झोपू नये.

चंद्रपूरचे काम आटोपून परतलो त्यानंतर काही दिवसांनी मी हे सर्व आमच्या चालकांना सांगितले. त्यांनी वाद घातला नाही. त्यांनी डाव्या बाजूचा कप्पा उघडून त्यामागची गाळणी बाहेर काढली. ती काळीठिक्कर झाली होती, आणि तिच्या घड्यांत वाळकी पाने अडकलेली होती. ती पुष्कळ दिवसांत कोणी पाहिलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी गाडीत नवी गाळणी आली आणि खोबण रिकामी झाली. ‘‘घरच्या गाडीतले काल रात्रीच काढले,’’ ते म्हणाले. ‘‘आणि मुलीला या शनिवारी डॉक्टरांकडे नेतो. बरेच महिने राहिले आहे.’’ गाडी वर्दळीतून बाहेर पडून मोकळ्या रस्त्याला लागली, तेव्हा त्यांनी मागे वळून विचारले, ‘‘साहेब, काच थोडी खाली घेऊ का?’’